ज्युरीला नीट समजावलं नाही, म्हणून शिक्षा रद्द? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा अमेरिकेतून अधूनमधून एक बातमी येते. खुनात दोषी ठरलेल्या आरोपीची शिक्षा वरच्या कोर्टाने रद्द केली, आणि कारण काय, तर न्यायाधीशांनी ज्युरीला दिलेले निर्देश अपुरे होते. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या असतात: ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला’. हे निकाल मुळातून वाचायची मला सवय आहे, आणि ‘तांत्रिक’ हा शब्द इथे बहुतेक वेळा चुकीचा असतो. का, ते पुढच्या उत्तरांतून कळेल.

ज्युरीला निर्देश म्हणजे नक्की काय?

ज्युरीच्या खटल्यात कामाची वाटणी असते. काय घडलं ते ज्युरी ठरवते, कायदा काय आहे ते न्यायाधीश सांगतात. ज्युरीतली माणसं कायदा शिकलेली नसतात, म्हणून पुरावा संपला की न्यायाधीश त्यांना समजावून सांगतात: गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी कुणाची, किती खात्री झाली की दोषी म्हणायचं, या गुन्ह्याचे घटक कोणते, आरोपीचा बचाव काय, कुठल्या साक्षीकडे सावधपणे बघायचं. इंग्लंडमध्ये न्यायाधीश पुराव्याचा गोषवाराही सांगतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते पुराव्यावर बोलत नाहीत, फक्त कायदा सांगतात.

निकाल ज्युरीने दिला. मग अपिलात न्यायाधीशांच्या बोलण्याचा कीस का काढतात?

कारण ज्युरी ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढंच म्हणते. का, ते सांगत नाही. कुठल्या साक्षीदारावर विश्वास ठेवला, कुठला मुद्दा निर्णायक ठरला, याचा कागद कुठेच नसतो. नंतर ज्युरीतल्या माणसांना गाठून विचारायचीही सोय नाही. इंग्लंडमध्ये ज्युरीच्या खोलीतली चर्चा बाहेर फोडणं हा गुन्हा आहे.

न्यायाधीशाने स्वतः निकाल लिहिला, तर त्याची चूक निकालपत्रात सापडते. ज्युरीचा निकाल बंद पेटीसारखा असतो. पेटीत शिरताना काय सांगितलं गेलं, एवढंच अपील कोर्टाच्या हाती लागतं, तेही शब्दशः, कारण कोर्टात प्रत्येक वाक्याची नोंद होते. चुकीचा कायदा आत गेला असेल, तर बाहेर आलेला ‘दोषी’ हा शब्द बरोबर कायद्यावर उभा आहे हे कोण सांगणार? अपिलातली सगळी झटापट या एका अडचणीतून सुरू होते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोणतं?

वूलमिंग्टन. डिसेंबर 1934. रेजिनाल्ड वूलमिंग्टन हा 21 वर्षांचा शेतमजूर. लग्नाला जेमतेम काही महिने झालेले, आणि बायको, व्हायोलेट, त्याला सोडून आईकडे राहायला गेलेली. ज्या शेतावर काम करायचा तिथली बंदूक त्याने उचलली, नळी करवतीने कापून आखूड केली, करवत ओढ्यात फेकून दिली, आणि विजेच्या वायरीने बंदूक कोटाखाली अडकवून तो तिच्याकडे गेला. गोळी सुटली, ती मेली. त्याचं म्हणणं असं: तू परत आली नाहीस तर मी जीव देईन, असं तिला दाखवायचं होतं. बंदूक दाखवताना ती चुकून उडाली.

पहिल्या ज्युरीचं एकमत झालं नाही. दुसरा खटला ब्रिस्टलला, न्यायमूर्ती स्विफ्ट यांच्यापुढे चालला. त्यांनी ज्युरीला सांगितलं ते थोडक्यात असं: बाई आरोपीच्या हातून मेली एवढं सरकारी पक्षाने दाखवलं की पुरे. हा खून नव्हता, अपघात होता, हे आता आरोपीने तुम्हाला पटवायचं. ज्युरीने दोषी म्हटलं, फाशी सुनावली गेली. पहिलं अपील फेटाळलं गेलं.

प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील कोर्टापुढे, गेलं आणि 1935 मध्ये दोषसिद्धी रद्द झाली. निकाल देणाऱ्या व्हायकाउंट सँकी यांनी तेव्हा ‘सोनेरी धाग्या’ची उपमा दिली. इंग्लिश फौजदारी कायद्याच्या विणीत हा एक धागा कायम दिसतो: आरोपीचा गुन्हा सिद्ध करणं हे सरकारी पक्षाचं काम. अपघाताची शक्यता ज्युरीच्या मनात वाजवी संशयाएवढी जरी उरली, तरी आरोपी सुटतो.

आता स्वतःला त्या ज्युरीत बसवून बघा. कापलेली नळी, ओढ्यातली करवत, कोटाखालची वायर. तुमचं मन पन्नास-पन्नास टक्क्यांवर अडलं आहे. स्विफ्टसाहेबांच्या सूचनेप्रमाणे अडलेलं मन म्हणजे फाशी, कारण आरोपीने पटवलं नाही. सँकींच्या नियमाप्रमाणे तेच अडलेलं मन म्हणजे सुटका. पुराव्याचा एक कण बदलला नाही. बदललं ते एक वाक्य, आणि त्यावर एक गळा अवलंबून होता. याला तांत्रिक म्हणणं मला जमत नाही.

‘वाजवी संशय’ तर सगळ्यांनाच कळतो. त्यात काय चुकणार?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

कॅनडातल्या लिफकस खटल्यात आरोपी शेअर दलाल होता, आरोप फसवणुकीचा. न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की ‘वाजवी संशयापलीकडे’ हे रोजच्या वापरातले शब्द आहेत, तसेच समजा. वरकरणी निरुपद्रवी. पण रोजच्या व्यवहारात आपण नोकरी बदलतो, घर घेतो, तेही वाजवी खात्रीवर, आणि ती खात्री फौजदारी कोर्टाला लागणाऱ्या खात्रीपेक्षा कितीतरी कमी असते. नव्याने खटला चालवण्याचा आदेश कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये कायम केला आणि ज्युरीला काय सांगावं, काय सांगू नये, याचा नमुनाच घालून दिला.

अमेरिकेत 1990 च्या केज खटल्यात लुइझियानातल्या न्यायाधीशांनी वाजवी संशय समजावताना ‘भरीव संशय’, ‘गंभीर अनिश्चितता’ असे शब्द वापरले होते. आरोपीच्या सुटकेसाठी लागणारा संशय त्यामुळे असायला हवा त्यापेक्षा मोठा झाला. भरीव नसलेला, पण खरा असा संशय ज्याच्या मनात आहे त्याने काय करायचं? सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी उलटवली.

इंग्लंडमध्ये आता बहुतेक न्यायाधीश हा शब्दच टाळतात. ‘तुमची खात्री झाली असेल तरच दोषी म्हणा’, एवढं सांगून थांबतात. मला हा शहाणपणा वाटतो. सोपी गोष्ट जितकी समजावावी तितकी ती निसटते.

गुन्ह्याच्या व्याख्येत चूक झाली तर?

1998 चं वुलिन प्रकरण बघा. संतापाच्या भरात बापाने तीन महिन्यांच्या मुलाला फेकलं, मूल कठीण पृष्ठभागावर आपटून मेलं. मारायचा हेतू होता असं सरकारी पक्षाचंही म्हणणं नव्हतं. गंभीर इजा करण्याचा हेतू होता का, एवढा प्रश्न होता. न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की गंभीर इजेचा ‘मोठा धोका’ आहे हे त्याला कळत होतं असं वाटलं, तर हेतू होता असं धरता येईल. हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटलं, धोका पुरेसा नाही. इजा ‘जवळजवळ अटळ’ असली पाहिजे आणि आरोपीला ते कळत असलं पाहिजे. खुनाची दोषसिद्धी गेली, तिथे सदोष मनुष्यवधाची आली. ‘धोका’ म्हटलं की बेफिकिरी येते, ‘अटळ’ म्हटलं की हेतू. खून आणि मनुष्यवध यांच्यातली भिंत त्या दोन शब्दांमधून जाते.

दुसरं उदाहरण हिशेबतपासणीच्या धंद्यातलं. एनरॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी कोसळली तेव्हा तिची कागदपत्रं नष्ट केल्यावरून तिचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या कंपनीवर खटला झाला. ज्युरी सात दिवस बसली, एकमत होईना. न्यायाधीशांनी आणखी प्रयत्न करायला सांगितलं, तीन दिवसांनी ‘दोषी’ आलं. 2005 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने उलटवलं. ज्युरीला सांगितलं गेलं होतं की आपण कायदेशीरच वागतोय असं कंपनीला प्रामाणिकपणे वाटत असलं, तरी ती दोषी ठरू शकते. ज्या कलमात भ्रष्ट हेतूने कुणाला प्रवृत्त करणं हा गुन्हा आहे, तिथे प्रामाणिकपणे वागणारा दोषी कसा? न्यायालयाने म्हटलं, या सूचनेत आपण चूक करतोय या जाणिवेचा घटकच उरला नाही. दहा दिवस अडलेल्या ज्युरीला नेमका हाच घटक अडवत होता का, हे कधीच कळणार नाही. तोवर ती कंपनी नावापुरतीच उरली होती.

व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर मॅकडॉनेल यांचंही असंच झालं. भेटवस्तू आणि कर्जं घेतली हे उघड होतं. प्रश्न होता तो त्या बदल्यात ‘शासकीय कृती’ केली का, हा. खालच्या कोर्टाने त्या शब्दाचा अर्थ इतका सैल सांगितला की नुसती बैठक ठरवून देणंही त्यात बसावं. 2016 मध्ये दोषसिद्धी रद्द झाली. त्या वागण्याचं कौतुक कुणी केलं नाही, निकालपत्रानेही नाही.

साक्षीदाराने आरोपीला ओळखलं. मग इशारा कशाला द्यायचा?

खोटं बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत सापडू शकतो. चुकलेला पण प्रामाणिक साक्षीदार सापडत नाही, कारण तो मनापासून बोलतो. छातीठोकपणे सांगितलेली चुकीची ओळख ज्युरीला फार लवकर पटते, आणि निरपराध माणसं तुरुंगात जाण्याचं ते जुनं कारण आहे.

म्हणून इंग्लंडमध्ये 1976 च्या टर्नबुल निकालापासून नियम आहे: खटला मुख्यतः ओळखीवर उभा असेल आणि आरोपी ती नाकारत असेल, तर न्यायाधीशांनी ज्युरीला सावध करायचं, सावध का करतोय ते सांगायचं, आणि मग या प्रकरणातले तपशील तपासायला लावायचे. किती वेळ पाहिलं? किती अंतरावरून? उजेड कसा होता? मध्ये काही आड येत होतं का? आधी कधी पाहिलेला होता का? घटना आणि ओळख यांच्यात किती दिवस गेले? पोलिसांना दिलेलं पहिलं वर्णन आरोपीशी जुळतं का?

नुसता सर्वसाधारण उपदेश पुरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय) 1992 मध्ये डोमिकन प्रकरणात खुनाच्या प्रयत्नाची दोषसिद्धी याच मुद्द्यावर रद्द केली. ओळख चुकू शकते एवढं म्हणून भागत नाही. या साक्षीतल्या कमकुवत जागा कोणत्या, त्यांवर न्यायाधीशांनी स्वतः बोट ठेवलं पाहिजे. बचावाच्या वकिलाने त्या आधीच दाखवल्या होत्या, ही सबब चालत नाही. वकिलाचं बोलणं ज्युरी एका बाजूची वकिली म्हणून ऐकते. न्यायाधीशांच्या बोलण्याला वजन असतं.

आरोपी खोटं बोलला हे सिद्ध झालं, तरी?

तरीही सूचना लागते. माणसं लाजेने, भीतीने, कुणाला तरी वाचवायलाही खोटं बोलतात. रात्री कुठे होतास या प्रश्नाला विवाहबाह्य संबंध लपवायला दिलेलं खोटं उत्तर हा खुनाचा पुरावा नव्हे. इंग्लंडमध्ये 1981 च्या ल्यूकस निकालावरून ही सूचना ओळखली जाते.

म्हणजे न्यायाधीशांची जीभ घसरली की आरोपी सुटला?

अजिबात नाही. बहुतेक अपिलं इथेच पडतात.

पहिली चाळणी: निर्देश एकत्र वाचायचे. एका वाक्यातली चूक पुढच्या पानावर नीट दुरुस्त झाली असेल, तर तेवढ्यावर काही होत नाही. दुसरी चाळणी: चुकीचा निकालावर परिणाम झाला का? इंग्लंडमध्ये आज एकच प्रश्न विचारतात, दोषसिद्धी ‘असुरक्षित’ आहे का. अमेरिकेत घटनात्मक चुकीसाठी 1967 च्या चॅपमन निकालापासून सरकारी पक्षाला दाखवावं लागतं की ती चूक वाजवी संशयापलीकडे निरुपद्रवी होती.

कॅनडातली गंमत तर बघण्यासारखी आहे. आरोपीची साक्ष खरी वाटली नाही, तरी तेवढ्यावरून तो दोषी ठरत नाही, हे समजावणारी तीन पायऱ्यांची सूचना 1991 च्या एका निकालातून आली. तिथले वकील ती आजही रोज उद्धृत करतात. पण ज्या आरोपीमुळे ती जन्मली, त्याला तिचा उपयोग झाला नाही. त्याच्या खटल्यात चूक झाली, पण निर्देश एकूणात ठीक होते म्हणून बहुमताने दोषसिद्धी कायम ठेवली.

एक चूक मात्र कधीच निरुपद्रवी धरत नाहीत. वाजवी संशयाचीच व्याख्या चुकली, तर अमेरिकेत 1993 च्या सलिव्हन निकालाप्रमाणे पुरावा कितीही भक्कम असो, दोषसिद्धी टिकत नाही. ज्युरीने योग्य कसोटीवर निकाल दिलेलाच नाही, मग चुकीचा परिणाम मोजायचा कशाच्या तुलनेत?

आरोपीच्या वकिलाने तेव्हाच हरकत का घेतली नाही?

कधी लक्षात आलं नाही म्हणून, कधी मुद्दाम. सावधगिरीचा इशारा मागितला की न्यायाधीश तो पुरावा ज्युरीपुढे पुन्हा उगाळतात, आणि ते आरोपीला परवडणारं नसतं. चूक पदरात ठेवून द्यायची आणि निकाल विरोधात गेला की अपिलात काढायची, असा डाव खेळला जाऊ नये म्हणून वरची कोर्टं वकिलाच्या मौनाला महत्त्व देतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2015 च्या ज्युरी निर्देश कायद्यात वकिलांवरच जबाबदारी टाकली आहे: कोणत्या सूचना हव्यात, कोणत्या नकोत, ते आधी सांगा. त्याआधी तिथल्या निर्देशांचा पसारा इतका वाढला होता की न्यायाधीश अपिलाच्या धास्तीने सगळंच बोलून टाकत.

शिक्षा रद्द म्हणजे आरोपी निर्दोष का?

नाही. दोषी ठरवण्याची प्रक्रिया विश्वासार्ह नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. पुढे काय होतं ते प्रकरणागणिक बदलतं. वूलमिंग्टन सुटला. वुलिनचा गुन्हा कमी झाला, माफ झाला नाही. मॅकडॉनेल यांच्यावर फेरखटला चालवायचा नाही असं सरकारी पक्षाने ठरवलं. इंग्लंडमधला जोगी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. साथीदार खून करू शकेल याचा नुसता अंदाज असणं म्हणजे खुनात सामील असणं नव्हे, कायदा तीस वर्षं चुकीच्या वाटेने गेला होता, असं न्यायालयाने मान्य केलं. पण त्याच वर्षी फेरखटल्यात तो सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला आणि तुरुंगातच राहिला.

न्यायाधीश ज्युरीला ‘दोषीच म्हणा’ असं सांगू शकतात का?

इंग्लंडमध्ये नाही. 2005 च्या वँग प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने हे स्पष्ट केलं. बचावाला काहीच अर्थ उरलेला नाही असं न्यायाधीशांना वाटलं, तरी शेवटचा शब्द ज्युरीचा.

एवढं सगळं सांगितलेलं ज्युरीला कळतं तरी का?

हा प्रश्न कोर्टांना अडचणीत टाकतो. इंग्लंडमध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी अभ्यासात शेकडो ज्युरी सदस्यांना एकच नमुना खटला दाखवून नंतर तपासलं. न्यायाधीशांनी तोंडी सांगितलेला कायदा पुरता कळलेले फक्त 31 टक्के निघाले. तोच मजकूर लेखी सारांशाच्या रूपात हातात दिला, तर 48 टक्के. आता तिथे लेखी प्रश्नावली देण्याची पद्धत रुळली आहे: पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ असेल तर थांबा, निर्दोष म्हणा. ‘हो’ असेल तर दुसऱ्याकडे जा.

अपील कोर्ट मात्र गृहीत धरतं की ज्युरीने सूचना समजून घेतली आणि पाळली. कानाने एकदा ऐकलेलं वाक्य तीन न्यायमूर्ती कागदावर दहा वेळा वाचतात. यातली विसंगती त्यांनाही कळते. पण ते गृहीतक सोडलं, तर ज्युरीच्या एकाही निकालावर भरवसा ठेवता येणार नाही.

भारतात असं कधी झालं का?

ज्युरी होती तोवर होत असे, आणि सगळ्यात प्रसिद्ध प्रकरण उलट्या दिशेचं आहे. 1959 मध्ये नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खून खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे सापडलेल्या चुका खुद्द त्याच न्यायाधीशांच्या होत्या. गोळी अपघाताने सुटली असा बचाव असेल तर तो दाखवण्याचा भार कुणावर, गंभीर आणि अचानक चिथावणीचे घटक कोणते, हे ज्युरीला नीट सांगितलंच नव्हतं. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1961 मध्ये ते कायम केलं. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. आता न्यायाधीश कारणांसह निकाल लिहितात, त्यामुळे अपिलात थेट ती कारणंच तपासता येतात.

किती जुनं प्रकरण उघडता येतं?

इंग्लंडमध्ये अपिलाची नोटीस 28 दिवसांत द्यावी लागते. उशीर झाला तर परवानगी मागावी लागते, आणि कायदा नंतर बदलला एवढंच कारण असेल तर ती सहज मिळत नाही. पण फौजदारी प्रकरणांच्या फेरतपासणीसाठी असलेला आयोग कितीही जुनं प्रकरण अपील कोर्टाकडे पाठवू शकतो.

त्याच वाटेने डेरेक बेंटलीचं प्रकरण परत आलं. नोव्हेंबर 1952 मध्ये क्रॉयडनच्या एका गोदामाच्या छतावर बेंटलीचा साथीदार, 16 वर्षांचा क्रेग, याने पोलीस शिपायाला गोळी घालून मारलं. क्रेग वयामुळे फाशीतून वाचला. 19 वर्षांचा बेंटली, ज्याने गोळी झाडली नव्हती आणि जो तेव्हा पोलिसांच्या ताब्यात होता, तो 28 जानेवारी 1953 रोजी फासावर गेला. ज्युरीला समजावताना खटल्याचे न्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी बेंटलीकडे सापडलेली, बोटांत घालून ठोसा मारायची लोखंडी मूठ दाखवून, इतकं भयंकर हत्यार कधी पाहिलंय का, असं विचारलं होतं. पोलिसांच्या शौर्याचं कौतुक अशा सुरात केलं होतं की त्यांच्या साक्षीवर शंका घेणं म्हणजे त्यांना खोटारडं ठरवणं वाटावं. आणि गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची, हे नीट सांगितलं नव्हतं. या निर्देशांमुळे बेंटलीला न्याय्य खटला मिळाला नाही, असं म्हणत लॉर्ड बिंगम यांच्या कोर्टाने 30 जुलै 1998 रोजी दोषसिद्धी रद्द केली. चाळीसहून अधिक वर्षं ही लढाई लढणारी त्याची बहीण आयरिस 1997 च्या जानेवारीत वारली होती.